मुंगी उडाली आकाशी: कूट अभंगांतील प्रतीकांचा तक्ता करता येतो का?

इंद्रायणी_तीर (प्रश्न)

आमच्या इमारतीतील आठ जणींचे अभंगवाचनाचे एक लहानसे मंडळ आहे. दर गुरुवारी दुपारी आम्ही एक अभंग घेतो, तो तीनदा मोठ्याने वाचतो आणि मग जिला जे सुचेल ते ती बोलते. हरिपाठ, ताटीचे अभंग, एकनाथांची काही भारुडे एवढे सुखाने पार पडले. गेल्या महिन्यात मात्र मुक्ताबाईंच्या नावावरील पुढील अभंग समोर आला आणि आमची गाडी अडली.

मुंगी उडाली आकाशीं । तिणें गिळिलें सूर्यासी ॥
थोर नवलाव जाला । वांझे पुत्र प्रसवला ॥
विंचू पाताळासी जाय । शेष माथां वंदी पाय ॥
माशी व्याली घार जाली । देखोनि मुक्ताई हांसली ॥

मंडळातील एक ज्येष्ठ काकू लहानपणापासून कीर्तने ऐकत आल्या आहेत. त्यांच्या वाणसामानाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूने एक तक्ता आखलेला आहे. डावीकडे अभंगातील वस्तू आणि उजवीकडे तिचा आध्यात्मिक अर्थ, अशी त्याची मांडणी आहे. मुंगी म्हणजे जीव, सूर्य म्हणजे परब्रह्म, वांझ म्हणजे माया, पुत्र म्हणजे बोध, विंचू म्हणजे विकार, पाताळ म्हणजे मूलाधारचक्र, शेष म्हणजे कुंडलिनी, माशी म्हणजे वासना आणि घार म्हणजे विवेक. काकूंनी तो वाचून दाखवला, आम्ही सर्वजणींनी माना डोलावल्या आणि पाच मिनिटांत अभंग संपला. घरी आल्यावर मात्र मला चुकल्यासारखे वाटत राहिले.

अडचण दोन ठिकाणी आहे. आमच्यातीलच एकीने पूर्वी ऐकलेल्या प्रवचनात सूर्य म्हणजे परब्रह्म नसून अहंकार होता, म्हणजे अगदी उलट टोक. शिवाय नाथांच्या भारुडातील ‘कामक्रोध विंचू चावला’ हा विंचू उतरवायचा असतो, त्यावर सत्त्वगुणाचा अंगारा लावायचा असतो. इथे तर साक्षात शेष विंचवाच्या पायांवर माथा ठेवतो. विंचू म्हणजे विकार असेल, तर शेषाने विकारापुढे का वाकावे? काकूंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “तो विंचू वेगळा, हा विंचू वेगळा.” ते खरेही असेल, पण मग तक्त्याला अर्थ काय राहिला?

तेव्हा जाणकारांनी दोन गोष्टींवर लिहावे, अशी विनंती आहे. संतकाव्यातील अशा प्रतीकांचे अर्थ परंपरेने ठरवून दिलेले आहेत का? आणि माझ्या भाच्याने विचारलेला प्रश्न, ज्याला मला उत्तर देता आले नाही: एवढे सगळे सांगायचे होते, तर मुक्ताबाईंनी ते सरळ का सांगितले नाही?


पाठभेद

ताई, आपला प्रश्न चांगला आहे आणि जुनाही आहे. अशी उलटी वाक्ये रचण्याची रीत मुक्ताबाईंच्या आधीपासूनची आहे, आणि त्या वाक्यांचे तक्ते करण्याची रीतही जवळजवळ तेवढीच जुनी आहे.

हरप्रसाद शास्त्री यांना १९०७ मध्ये नेपाळमध्ये एक पोथी सापडली आणि १९१६ मध्ये त्यांनी ती छापली. बौद्ध सिद्धांची ही गीते चर्यापदे म्हणून ओळखली जातात. त्यांतील ढेंढणपाद नावाच्या सिद्धाच्या गीतात ‘बलद बिआएल गविआ बांझे’ अशी ओळ आहे. बैल व्याला आणि गाय वांझ राहिली, हा तिचा अर्थ. ‘वांझे पुत्र प्रसवला’ ही ओळ तिच्या शेजारी ठेवून पाहावी. मी असे म्हणत नाही की मुक्ताबाईंनी ते गीत ऐकले होते. पण सिद्धांपासून नाथपंथीयांपर्यंत बोलण्याची एक धाटणी चालत आली होती आणि मुक्ताबाईंच्या घरात नाथपंथ होता, हे निर्विवाद आहे. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती ही परंपरा ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस स्वतः सांगितली आहे. पुढे कबीराकडे हीच धाटणी ‘उलटबांसी’ म्हणून येते: ‘एक अचंभा देखा रे भाई, ठाढ़ा सिंह चरावै गाई’. सिंह उभा राहून गाई राखतो आहे. त्याच पदात गुरू चेल्याच्या पाया पडतो. शेष विंचवाच्या पाया पडतो, त्याचे हे सख्खे भावंड म्हणावे लागेल.

सिद्धांच्या या भाषेला कोणी संध्याभाषा म्हणतात, म्हणजे सांजवेळेसारखी अर्धी उजेडात आणि अर्धी अंधारात असलेली. तर कोणी संधाभाषा म्हणतात, म्हणजे मनात एक अभिप्राय धरून बोललेली. अभ्यासकांचा हा वाद एका ‘य’वरून झालेला असला, तरी आपल्या प्रश्नाची मेख त्यातच आहे. अभिप्राय धरून बोललेली भाषा असेल, तर तक्ता करता येतो. सांजवेळेची असेल, तर दिवा लावला की सांजच जाते. चर्यापदांच्या त्या पोथीत गीतांसोबत मुनिदत्ताची संस्कृत टीकाही होती, म्हणजे उजवीकडचा रकाना भरण्याचे काम तेव्हाही कोणीतरी करतच होते. आपल्या काकू एकट्या नाहीत.

आता सूर्याकडे येतो. परब्रह्म की अहंकार, हा निवाडा करण्याआधी त्या घरातच सूर्य कसा वापरला जात होता ते पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते. ज्ञानेश्वरीचा सोळावा अध्याय सद्गुरूंच्या स्तवनाने उघडतो आणि ते सगळे स्तवन सूर्याच्या रूपकात आहे.

मावळवीत विश्वाभासु । नवल उदयला चंडांशु ।
अद्वयाब्जिनीविकाशु । वंदूं आतां ॥
जो अविद्याराती रुसोनियां । गिळी ज्ञानाज्ञानचांदणियां ।
जो सुदिनु करी ज्ञानियां । स्वबोधाचा ॥

आपला रोजचा सूर्य उगवला की जग दिसू लागते. हा सूर्य उगवला की जगाचा भास मावळतो. तो केवळ अज्ञानाचा अंधार घालवून थांबत नाही, तर ज्ञान आणि अज्ञान या दोन्ही चांदण्या गिळून टाकतो. ‘गिळी’ हे क्रियापद लक्षात ठेवावे. मोठ्या भावाच्या ओवीत सूर्य गिळतो, आणि धाकट्या बहिणीच्या अभंगात तोच सूर्य मुंगीच्या पोटात जातो. ज्या प्रकाशाने सगळे गिळले, तो प्रकाशही ‘मी पाहिला’ असे म्हणण्यापुरता बाहेर उरतो, आणि मुक्ताबाई तेवढेही अंतर उरू देत नाहीत. हे माझे वाचन आहे, परंपरेचा निर्णय नव्हे. पण या वाचनात सूर्य परब्रह्म आहे की अहंकार, हा प्रश्न बराच सैल पडतो, कारण पाहणाऱ्यापासून वेगळा उरलेला प्रकाश हा शेवटी ‘मी’चाच एक कोपरा असतो. दोन्ही प्रवचनकार बहुधा एकाच खोलीत दोन दारांनी शिरले असावेत.

‘वांझेचा पुत्र’ हा तर अद्वैताच्या शाळेतील अगदी झिजलेला दृष्टांत. जे कधीच असू शकत नाही, त्याचे उदाहरण म्हणून आकाशाचे फूल, सशाचे शिंग आणि वांझेचा मुलगा हे त्रिकूट ठरलेलेच आहे. मांडूक्यकारिकेत गौडपादाचार्य म्हणतात की वंध्यापुत्र खरोखरही जन्मत नाही आणि मायेनेही जन्मत नाही. म्हणजे शास्त्राने ज्याला दोन्ही दारे लावून घेतली, तो मुलगा मुक्ताबाईंच्या अभंगात जन्माला आलेला आहे! ‘थोर नवलाव’ हे शब्द म्हणूनच तिथे आहेत. वांझ म्हणजे माया हा काकूंचा अर्थ चुकीचा नाही. पण तक्त्यात ‘वांझ’ आणि ‘पुत्र’ असे दोन वेगवेगळे रकाने झाले की नवल तेवढे गळून पडते, कारण नवल ना वांझेत आहे ना पुत्रात. ते ‘प्रसवला’ या शब्दात आहे.

माझे सांगणे थोडक्यात असे, की या अभंगात नामांचा तक्ता करण्यापेक्षा क्रियापदांकडे पाहावे. उडाली, गिळिलें, प्रसवला, वंदी, व्याली. प्रत्येक ठिकाणी लहानाने मोठ्याला सामावले आहे किंवा अशक्याने शक्याला जन्म दिला आहे. वस्तू बदलल्या तरी चालल्या असत्या.


टाळकरी

पाठभेद सरांनी पोथ्यांच्या बाजूने सांगितले, मी दिंडीच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. माझे शिक्षण बेताचे आहे, तेव्हा उणेअधिक सांभाळून घ्यावे.

पहिली गोष्ट म्हणजे पंखांच्या मुंग्या. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याखाली त्यांचा खच पडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आमच्या घरी माझी आजी अशा संध्याकाळी ओट्यावर परातीत पाणी भरून त्यावर कंदील धरायची. उजेडाकडे झेपावलेल्या मुंग्या पटापट पाण्यात पडायच्या, त्यांचे पंख पाण्यावर तरंगत राहायचे आणि सकाळी आजी ती परात अंगणातल्या तुळशीपासून लांब नेऊन ओतायची. क्षुद्र माणूस फुशारक्या मारू लागला की त्याला ‘मुंगीला पंख फुटले’ असे आपल्याकडे म्हणतात, आणि त्यात ‘आता याचे दिवस भरले’ हेही न बोलता बोललेले असते. मुक्ताबाईंच्या श्रोत्यांना ही मुंगी ठाऊक होतीच. उडालेली मुंगी उजेडात मरते, हेच त्यांना अपेक्षित होते. पण दुसऱ्या चरणात मुंगीच उजेड गिळते. आमच्या फडातील जुने गायक पहिला चरण झाल्यावर क्षणभर थांबतात. का थांबतात ते मला फार उशिरा कळले. ऐकणाऱ्याच्या मनात मुंगी मरायला तेवढा वेळ द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट मार्गांची. परमार्थात पिपीलिकामार्ग आणि विहंगममार्ग असे दोन मार्ग सांगतात. मुंगी झाडाच्या बुंध्यापासून एकेक पाऊल चढत फळापर्यंत जाते, पक्षी एका भरारीत फळावर बसतो. आमचे महाराज कीर्तनात असे सांगत की ‘मुंगी उडाली’ या दोन शब्दांत दोन्ही मार्ग एक झाले आहेत: चालणे मुंगीचे आणि पोहोचणे पाखराचे. पाठभेद सरांचा क्रियापदांचा मुद्दा मला यामुळेच पटला. ‘मुंगी’ म्हणजे एक मार्ग, ‘उडाली’ म्हणजे दुसरा.

शेष आणि विंचू यांबद्दल मी इतकेच म्हणेन, की वारकरी माणसाला त्या ओळीत चांगदेव दिसतात. वाघावर बसून आणि हातात सापाचा चाबूक घेऊन आलेले, चौदाशे वर्षांचे म्हणून सांगितले गेलेले योगी, आणि समोर एवढीशी मुक्ताई. चांगदेवांनी कोरा कागद पाठवला, तेव्हा ‘चौदाशे वर्षे जगून कोराच राहिला’ असे ती म्हणाली, ही कथा सर्वांना पाठ आहे. विंचवाची नांगी म्हणावी अशी तिची ती जीभ. त्या कागदाच्या उत्तरात ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. पण चांगदेवांनी गुरू केले ते मुक्ताईला. ज्याच्या हातात साप चाबूक झाला, त्याने माथा कोणाच्या पायावर ठेवला? अभंग त्या प्रसंगावरच रचला आहे असा माझा दावा नाही. पण दिंडीत ही ओळ आली की म्हातारी माणसे हसून एकमेकांकडे पाहतात, ती याच कारणाने.


कोरा_कागद

वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, तरीही थोडा विरोधाचा सूर लावतो, कारण एक धोका दोन्हींत दिसतो. तक्ता नको म्हणता म्हणता आपण तीन नवे तक्ते केले आहेत: सूर्य म्हणजे सोळाव्या अध्यायातील गुरुबोध, मुंगी म्हणजे पिपीलिकामार्ग, विंचू म्हणजे मुक्ताईची जीभ. काकूंच्या वहीत आणखी तीन ओळी वाढल्या, एवढेच.

माझा अनुभव ज्ञानदेवांच्या नावावरील दुसऱ्या एका कूट अभंगाचा आहे.

कांट्याच्या अणीवर वसले तीन गाव ।
दोन ओसाड, एक वसेचिना ॥

जे गाव वसेचिना तिथे तीन कुंभार आले, दोन थोटे आणि एकाला घडेचिना. ज्याला घडेचिना त्याने तीन मडकी घडली, दोन कच्ची आणि एक भाजेचिना. जे भाजेचिना त्यात तीन मूग रांधले, दोन हिरवे आणि एक शिजेचिना. मग उपाशी पाहुणे येतात, त्यांना बुक्क्या मिळतात, त्याही लागत नाहीत. विद्यार्थिदशेत मी या अभंगाची जितकी स्पष्टीकरणे मिळतील तितकी गोळा करत असे. तीन गावे म्हणजे सत्त्व, रज, तम. तीन गावे म्हणजे स्थूल, सूक्ष्म, कारण देह. तीन गावे म्हणजे जागृती, स्वप्न, सुषुप्ती. सगळी बसतात. पुढे तीन कुंभारांना, तीन मडक्यांना आणि तीन मुगांनाही तीच बसतात. वेदान्तात त्रिकुटांना तोटा नाही, त्यामुळे ‘तीन’ म्हटले की काहीतरी बसणारच. जी किल्ली प्रत्येक कुलपाला लागते, ती किल्ली नसून कुलपेच सैल आहेत असे समजावे.

मला शेवटी त्या अभंगात जे धरता आले ते एवढेच, की प्रत्येक पुढची गोष्ट मागच्या न घडलेल्या गोष्टीवर उभी आहे. न वसलेल्या गावात न घडवणारा कुंभार, त्याचे न भाजलेले मडके, त्यात न शिजलेला मूग. मोठ्याने वाचत गेले की ‘चिना, चिना’ असा ठेका लागतो आणि पायाखालची एकेक पायरी निघत जाते. अखेरीस ‘सद्गुरुवाचोनि कळेचिना’ येते, तेव्हा ‘कळणे’ हेसुद्धा त्याच रांगेत जाऊन उभे राहिलेले असते. अर्थ लावण्याच्या खटपटीचीच ती थट्टा आहे, असे मला वाटते. उपाशी पाहुण्याच्या जागी मी स्वतः बसलो होतो, वही घेऊन.

दुसरे असे, की संतांच्या कवितेत जे जे दिसेल ते प्रतीक मानायचे, ही सवय मुळातच तपासावी. अरणच्या सावता माळ्यांचा ‘कांदा मुळा भाजी । अवघी विठाई माझी’ हा अभंग घ्यावा. तिथे कांदा म्हणजे अमुक आणि मुळा म्हणजे तमुक, असे कोणी सांगू लागले तर सावतोबा त्याला मळ्याबाहेर काढतील. कांद्याच्या मागे विठाई लपलेली नाही. कांदाच विठाई आहे. मोट, नाडा, विहीर, दोरी यांनी पंढरी ‘सूचित’ होत नाही. तिथे प्रतीक शोधणे म्हणजे समोर बसलेल्या माणसाला त्याचाच पत्ता विचारणे.


पाठभेद

कोरा_कागद यांचा टोमणा मान्य आहे, आणि सावतोबांचे उदाहरण तर फारच नेमके आहे. तरीही एका मुद्द्यावर मी मागे हटणार नाही. ‘काट्याच्या अणीवर’ या अभंगाविषयी आपण लिहिले ते खरे आहे, पण ते सगळ्या कूट रचनांना लावू नये. नाथांचे भारूड पाहा. तिथे कवीनेच स्वतःचा तक्ता गाण्यात घातलेला आहे: विंचू म्हणजे कामक्रोध, अंगावर आलेला घाम म्हणजे तम, उतारा म्हणजे तमोगुण मागे सारणे, अंगारा म्हणजे सत्त्वगुण. काहीही गुपित नाही, कारण भारूड बाजारात, जत्रेत, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी होते. ज्याला विंचू चावल्याचे ठाऊक आहे, त्याला रागाचा दाह समजावून सांगायचा होता. एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९, म्हणजे मुक्ताबाईंनंतर सुमारे अडीचशे वर्षे. आणि श्रोताही वेगळा.

त्या भारुडातील मला सर्वांत आवडणारी जागा मात्र तक्त्यात बसणारी नाही. उतारा दिला, तमोगुण सारला, विंचू उतरला, आणि तरीही ‘किंचित राहिली फुणफुण’. ज्याला खरोखर विंचू चावला आहे, त्याला ही फुणफुण ठाऊक असते. कळ गेल्यावरही बोटाच्या टोकाशी ती बारीक ठुसठुस रात्रभर राहते. फुणफुण म्हणजे काय? प्रारब्ध, वासनेचा लेश, सत्त्वगुणाचाही अभिमान, असे पुष्कळ सांगता येईल. नाथांनी ते सांगितलेले नाही. इतर सगळ्यांचे अर्थ दिले, फुणफुणीचा दिला नाही आणि ती जनार्दनावर सोपवली.

यामुळेच ताईंच्या भाच्याच्या प्रश्नाला मी असे उत्तर देईन. मुक्ताबाईंनी सरळ सांगितलेच नाही, असे नाही. ताटीचे अभंग याहून सरळ कसे असावेत? ‘विश्व रागें झाले वन्ही । संतें सुखें व्हावें पाणी’ यात कोणतेही कुलूप नाही. रुसून ताटी लावून बसलेल्या भावाला समजवायचे होते, तेव्हा त्या सरळ बोलल्या. मुंगीच्या अभंगात कोणाला काही समजवायचे नाही. तिथे काहीतरी घडले आहे आणि ते पाहणारी हसते आहे. ‘देखोनि’ या शब्दावर थोडे थांबावे. ‘जाणोनि’ म्हटलेले नाही.

शेष म्हणजे कुंडलिनी या अर्थाबद्दलही काकूंची बाजू घेतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीला ‘नागिणीचें पिलें । कुंकुमें नाहलें’ म्हटले आहे, म्हणजे त्या घरात सर्पाला तो अर्थ होता. काकूंनी तो हवेतून आणलेला नाही. माझी तक्रार अर्थाबद्दल नसून त्याच्या पुढे पूर्णविराम देण्याबद्दल आहे.


इंद्रायणी_तीर

सर्वांचे मनापासून आभार. कालच्या गुरुवारी तोच अभंग पुन्हा घेतला आणि जे झाले ते इथे लिहिते, कारण त्यात एक नवी शंकाही निघाली आहे.

टाळकरीदादांनी सांगितले तसे पहिल्या चरणानंतर थांबून वाचले. पंखांच्या मुंग्यांचा विषय निघताच प्रत्येकीला आपापल्या माहेरचा पावसाळा आठवला आणि पंधरा मिनिटे अभंग बाजूलाच राहिला. पण परत आलो तेव्हा ‘तिणें गिळिलें सूर्यासी’ ही ओळ पूर्वीसारखी ऐकू आली नाही, एवढे खरे. सोळाव्या अध्यायातील ओव्या मी उतरवून नेल्या होत्या. काकूंना त्या फार आवडल्या. त्यांनी वही काढली, ‘सूर्य’ या शब्दापुढे आधीच्या अर्थाखाली ‘गुरू’ असे लिहिले आणि खाली आणखी दोन ओळींची जागा मोकळी सोडली. मी काही बोलले नाही.

शंका शेवटच्या ओळीची आहे. ‘माशी व्याली घार जाली’ याचा अर्थ माशी व्याली आणि तिच्यापोटी घार जन्मली, असा घ्यायचा, की माशी व्याली आणि ती स्वतःच घार झाली, असा? आमच्यात चार-चार असे सरळ दोन तट पडले. पहिल्या कडव्यात मुंगी स्वतः उडते, तिच्यापोटी कोणी जन्मत नाही. दुसऱ्यात मुलगा जन्मतो. मग चौथ्यात नेमके काय होते?


पाठभेद

दोन्ही अर्थ व्याकरणाला धरून आहेत आणि निवड करण्याची घाई करू नये, असे मी सुचवेन. मराठीत ‘होणे’ हे क्रियापद जन्मालाही चालते आणि रूपांतरालाही चालते. ‘तिला मुलगी झाली’ आणि ‘ती डॉक्टर झाली’ ही दोन्ही वाक्ये आपण रोज बोलतो. मुक्ताबाईंनी ‘तिजला’ किंवा ‘तीच’ असा एखादा शब्द घातला असता, तर वाद मिटला असता; तो घातलेला नाही. दोन शब्दांची दोन वाक्ये शेजारीशेजारी ठेवली आहेत आणि मध्ये काहीच नाही. पहिल्या कडव्यातील रूपांतर आणि दुसऱ्यातील जन्म ही दोन्ही सूत्रे चौथ्या कडव्यात एकाच ‘जाली’वर येऊन बसतात. घार आणि माशी या दोघी उडणाऱ्याच आहेत, हेही ध्यानात घ्यावे. एकीला उकिरड्यापलीकडे दिसत नाही आणि दुसरीला आभाळातून सगळे गाव दिसते.


इंद्रायणी_तीर

हे उत्तर मी आजच फोनवरून काकूंना वाचून दाखवले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “अगं, मला चौथी नात झाली तेव्हा दवाखान्यातून फोन आला होता, ‘झाली.’ एवढंच. मी आधी आमच्या पोरीला काही झालं की काय म्हणून घाबरले.” आणि हसू लागल्या. पुढच्या गुरुवारी आम्ही ‘काट्याच्या अणीवर’ घेणार आहोत. वही आणू नका असे काकूंना सांगण्याचा धीर मला अजून झालेला नाही.